पारड्यावरचं कुंकू

बाई, गेल्या आठवड्यात खंडेनवमीला मी माझ्या वर्गातल्या डिजिटल फळ्याला कुंकू लावू दिलं नाही. मुख्याध्यापक झेंडूचा हार घेऊन आले होते, शाळेच्या मावशींनी हळदीकुंकवाचं ताट धरलं होतं, पहिलीची पोरं हात जोडून उभी होती, आणि मी फळ्याला आडवी उभी राहून म्हणाले की हार दाराला लावा, याला बोटसुद्धा लावायचं नाही. सर हसले. "मॅडम, वर्षातनं एकदा असतंय की. एक बोट कुंकवानं काय बिघडतंय?" बिघडतं, असं मी म्हणाले, आणि आवाज इतका चढला की पुढची पोरं मावशींच्या मागं लपली. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याशी जपून बोलतात. कुणी म्हणतं साखर वाढली असेल, कुणी म्हणतं निवृत्ती जवळ आली की असं होतं. त्यांना खरं कारण सांगायचं तर तुमच्याबद्दल सांगावं लागेल, आणि तुमच्याबद्दल मी आजवर कुणाजवळ वाईट बोललेले नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागावणार नाही, आणि रागावलात तरी माझं काही अडत नाही.

दुसरीचा आपला वर्ग आठवतो का? भिंतीपलीकडं यंत्रमाग होते आणि त्यांची खटखट दिवसभर चाले, त्यामुळे आपण सगळेच घसा ताणून बोलायचो. मंगळवेढ्याकडचं गाव सोडून आमचे आईवडील सोलापुरात येऊन फार दिवस झाले नव्हते. वडील मागावर, आई घरी विड्या वळायची, आणि मी शाळेत तुमच्या तोंडाकडं बघत बसायची. कारण तुम्ही तेव्हा फार छान शिकवायचात, बाई. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तुम्ही नारळाच्या दोन करवंट्या सुतळीनं काठीला बांधून तराजू केला होता. आम्ही त्यात चिंचोके टाकायचो, खडे टाकायचो, मागावरच्या रिकाम्या कांड्या टाकायचो, आणि कुठली करवंटी खाली जाईल यावर पैजा लावायचो. मूठभर कापूस आणि एक खडा टाकल्यावर सगळा वर्ग कापसाच्या बाजूनं ओरडला होता, आणि खडा खाली गेल्यावर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला होतात. "डोळ्यांनी बघा आणि मग बोला," असं तुम्ही म्हणायचात. मी ते वाक्य खरं धरलं. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

मग पेटी आली. निळ्या रंगाची पत्र्याची विज्ञानपेटी, खात्याकडून आलेली. तुम्ही ती टेबलावर ठेवून उघडलीत तेव्हा आम्ही एकमेकांच्या अंगावर चढून बघत होतो. आत चकचकीत तराजू होता, चुंबक होतं, भिंग होतं, काचेचा लोलक होता. मी भिंगाकडं हात नेला आणि तुम्ही पेटीचं झाकण इतक्या घाईनं पाडलंत की माझी बोटं थोडक्यात वाचली. "फुटलं तर कोण जबाबदार?" तुम्ही म्हणालात. तो प्रश्न तुम्हाला वरच्या कुणीतरी विचारलेला असणार, हे आता कळतं, कारण आता मलाही विचारतात. पेटी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. त्यानंतर तुम्ही फळ्यावर तराजूचं चित्र काढायचात आणि आम्ही ते पाटीवर उतरवायचो. चुंबकाचंही चित्र उतरवलं. चित्रातल्या चुंबकाला काय चिकटणार होतं कपाळ! आणि करवंट्यांचा तराजू तुम्ही तपासणीला येणारे साहेब बघून हसतील म्हणून मोडून चुलीत घालायला दिलात. पेटी नव्हती तेव्हा आम्ही जेवढं विज्ञान शिकलो, तेवढं पेटी आल्यावर शिकलो नाही.

कुलूप निघालं ते खंडेनवमीला. पलीकडच्या कारखान्यात मागांची पूजा झाली होती, खटखट बंद होती, आणि त्या शांततेत आम्हाला कुजबुजून बोलायची सवयच नव्हती. तुम्ही पाटावर नवं कापड अंथरून पेटीतली एकेक वस्तू मांडलीत. सगळ्यांना हळद, कुंकू, अक्षता. भिंगाच्या काचेवर मधोमध टिळा. आणि तराजूच्या उजव्या पारड्यात ओल्या हळदीकुंकवाचं घसघशीत स्वस्तिक काढून त्यावर तुम्ही अक्षता दाबल्यात. फार वेळ डोळे मिटून उभ्या होतात तुम्ही. आम्हाला लांबून नमस्कार करायला लावलात. वर्षभर ज्याला हात लावायचा नाही त्याच्या पाया पडायचं, हे माझ्या बालबुद्धीला अगदी बरोबर वाटलं होतं, कारण देवळातही तसंच असायचं. मग सगळं जसंच्या तसं पेटीत गेलं. पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तपासणीला साहेब आले. त्यांनी पेटी मागितली. तुमचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण तुम्ही तराजू काढून टेबलावर मांडलात आणि मला पुढं बोलावलंत, कारण मी वर्गात सगळ्यात चुणचुणीत. साहेबांनी मला विचारलं, "सांग बघू बाळ, तराजू रिकामा आहे. पारडी कशी आहेत?" पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण तुम्हीच म्हणाला होतात, डोळ्यांनी बघा. मी बघितलं.

"वाकडी हायत," मी म्हणाले. "उजवं पारडं खाली गेलंय."

"नीट बघ," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, तुम्ही खरंच नीट बघायला सांगताय. मी टेबलाला नाक लावून बघितलं. "खालीच हाय की, बाई. त्याला कुंकू वाळून बसलंय नव्हं, अन् तांदूळ बी हायत. म्हणून जड झालंय ते."

एवढं बोलून मी तुमच्याकडं वळले ते शाबासकीसाठी. मला कारण सापडलं होतं, बाई! नुसतं काय झालं ते नव्हे, का झालं तेसुद्धा. आज मी पहिलीच्या मुलांना शिकवते तेव्हा असं एक वाक्य एका पोराच्या तोंडून ऐकायला अख्खं वर्ष जीव टाकते. साहेबांनी तुमच्याकडं बघून भुवई उंचावली, आणि तुम्ही माझा कान धरलात. असा पिळलात की मी चवड्यांवर उभी राहिले. "समान आहेत म्हण." मी म्हणाले. "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हणाले. मग तुम्ही वर्गाकडं वळून विचारलंत आणि सगळ्या पोरांनी एका सुरात ओरडून सांगितलं, समान! त्यांच्या डोळ्यांसमोर ते पारडं खाली लोंबत होतं. साहेबांनी सही केली, चहा घेतला आणि ते गेले. ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "दिसलं म्हणून बोलायचं नसतं. कळलं?"

घरी येऊन मी आईला कान दाखवला. विड्यांचं सूप मांडीवर, तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "बाई समान म्हनल्या तर समान. तुला काय करायचंय? गप गुमान शाळा शिक." आईचा मला राग नाही. ती शाळेत गेली नव्हती. तुम्ही मात्र गेला होतात.

मी गप गुमान शिकले. इतकी गप, की पुढं अध्यापक विद्यालयात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा आतलं काही दिसत असूनही मला सांगता येईना. मी शेजारच्या मुलीच्या वहीत बघून तिला जे दिसलं ते माझ्या वहीत उतरवलं. ती मुलगी फार हुशार होती असं नाही. तिला फक्त आपल्या डोळ्यांची भीती वाटत नव्हती.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. फार उशिरा, एका जुन्या शिक्षिकेकडून कळलं की त्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तुमचे यजमान दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा मला ते मिटलेले डोळे आठवले. पारड्यावरचं असलं तरी ते कुंकू होतं, आणि त्या दिवसांत कुंकू पुसायला तुमचा हात धजला नसणार. साहेब येणार हे ठाऊक असूनही तुम्ही फडकं उचललं नाहीत. हे ऐकलं त्या रात्री मी तुमच्यासाठी रडले. पण कारण कळलं म्हणून राग जातो हे ज्यानं सांगितलं त्याचा कान कुणी पिळलेला नसावा. यजमान तुमचे होते, भीती तुमची होती, आणि खोटं बोलायला लावलंत ते मला. साहेब गेल्यावर तरी मला जवळ घेऊन म्हणायचं होतंत, पोरी, तुझं बरोबर होतं. वर्गात दुसरं कुणी नसताना म्हणायचं होतंत. मी कुणाला सांगितलं नसतं.

आता माझ्या वर्गात टॅब आहेत. मागच्या महिन्यात त्यावर प्रश्न आला, जड काय ते दाबा. एका बाजूला हा मोठा फुगा, दुसऱ्या बाजूला लहानशी लोखंडी गोळी. एका पोरीनं गोळी दाबली आणि टॅबनं लाल फुली दाखवली. बनवणाऱ्यानं मोठं ते जड असं धरलेलं असणार. पोरगी म्हणाली, "मॅडम, फुगा तर उडतोय की, त्यो कसा जड?" मी खाली वाकून तिला सांगितलं, तुझं बरोबर आहे, हे यंत्र चुकलंय. खरा फुगा आणून दाखवला, मुठीत गोळी दिली. तिनं माझ्याकडं बघितलं, टॅबकडं बघितलं, आणि हळूच बोट नेऊन फुगा दाबला. टॅबवर चांदणी आली, टाळ्या वाजल्या, पोरगी खुश झाली. मी तिचा कान धरला नव्हता, बाई. आता कान धरायला माणूस लागत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकणार तरी कुठं? तुम्ही होतात तेव्हा मात्र एकदा संधी आली होती. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी मी तुम्हाला भेटायला आले होते, पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत तुम्ही असायचात. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं. बाई, त्या दिवशी पारडं खालीच होतं. एवढंच म्हणायचं आणि तुमच्या तोंडून 'हो' ऐकायचं. तुम्ही मला लगेच ओळखलंत. माझा हात हातात घेऊन सुनेला हाक मारलीत. "अगं, ही बघ माझी विद्यार्थिनी. वर्गात कधी उलटून बोलली नाही. इतकी गुणी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही." सून हसली, मी वाकून नमस्कार केला, पोहे खाल्ले आणि निघाले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमचं वय बघून मी गप्प बसले. तसं नाही. मला बरं वाटलं होतं, बाई. तुम्ही गुणी म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं की घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.