माझा अर्धवट मारवा

शनिवार, १४ जून, सायंकाळी सहा चाळीस. अन्याय याच मिनिटाला झाला.

आमच्या भिंगारच्या ज्येष्ठ नागरिक संघात आवडीचं गाणं किंवा सिनेमा लावायची पाळी वर्षातून एकदाच येते. आज माझी होती. मारवा रागातला विलंबित ख्याल जेमतेम चार मिनिटं झाला, तोच चिटणीस अण्णांनी मोबाईलवर बोट फिरवून तो पुढे पळवला.

"बाई, अजून नुसता सूरच लावतोय की हो. गाणं पुढं असंल."

"अण्णा, तेच गाणं होतं."

सगळे हसले. गेल्या महिन्यात अण्णांच्या पाळीला त्यांचा तीन तासांचा कृष्णधवल सिनेमा मी तलवारबाजीसकट निमूट पाहिला. तेव्हा फिरवलं का मी बोट? भांडायचं त्राण नाही आता. पण त्र्याहत्तराव्या वर्षी पुढच्या पाळीचा भरवसा कोण देणार? उद्या अर्ज देणार: मारवा पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी लावणार, ते शुक्रवारी पाचच्या आत लेखी कळवा.