तीन नंबरचं अंडं

९ नोव्हेंबर १९८६

आई, तू गेल्याला बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुला एक ओळही लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, ही सबब मी स्वतःला देत आले. खरी होती म्हणूनच इतकी टिकली. उशिराबद्दल माफ कर.

आज नाशिकरोडच्या भाजीबाजारात ते भेटले, पूर्वी माझ्या ऑफिसात असलेले, ज्यांच्या येवल्याच्या घरून मी कडकनाथची बारा अंडी आणली होती. पिसं, चोच, मांस, सगळं काळं असलेली ती कोंबडी तेव्हा आपल्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. त्यांनी मध्य प्रदेशातल्या झाबुआहून आणलेल्या कोंबड्यांत रोग शिरला आणि उरला फक्त एक कोंबडा. शेवटची अंडी मला देताना त्यांनी एवढंच मागितलं होतं, "पिल्लं निघाली तर एक तलंग मला परत द्या." तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची तरणी कोंबडी, हे मला तू शिकवलंस. त्यांच्यासमोर बसून मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने आकडा घातला, एक ते बारा. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. परत येईपर्यंत तू सगळी अंडी खुडूक कोंबडीखाली बसवून मोकळी झाली होतीस.

आठव्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर एकेक अंडं धरून आत पिल्लू वाढतंय का पाहते आहे, तर सहा नंबरची अंडी दोन. तीन कुठेच नाही. दोनातला एक सहा जाडसर, दाबून काढलेला. मी आकडे चुकत नाही. आणि तीन उलटा काढला की सहा होतो, हे ज्याला आकडे येत नाहीत त्याला कळायचं कारण नाही.

"आई, तीन नंबरचं अंडं कुठंय?"

"मला काय इचारते? आकडे तुझे, अंडी कोंबडीची."

"तू बदललंस."

तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं, ते अंडं तू कुणाला तरी दिलंस. शेजारच्या काकूंच्या नवऱ्याला दमा होता, आणि काळ्या कोंबडीचं अंडं दम्यावर चालतं असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. मी त्यांच्या उकिरड्यात टरफल शोधलं. मग त्यांनाच विचारलं, "काकू, अंडं लागू पडलं का?" त्या म्हणाल्या, "कसलं अंडं? असलं तर दे की. बोलून कुठं दमा जातो?" तरी माझा संशय गेला नाही. उलट त्यात त्याही सामील झाल्या.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. आठ काळी, एक तांबूस. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पिल्लांकडे पाहत होतीस.

सात आठवड्यांनी नर आणि तलंगा निवडायच्या होत्या. तू अंगणात पिल्लांवर पदर झटकलास. काही मान ताठ करून उभी राहिली, काही जमिनीशी दबून बसली. "उभे ऱ्हायले ते नर," तू म्हणालीस. मला वाटलं, चांगल्या तलंगा घरात ठेवायचा हा डाव आहे. एकदा फसवलंस ती पुन्हा फसवशील. मी पुस्तकात पाहून सगळ्यांत लहान तुऱ्याचं पिल्लू निवडलं आणि त्याच्या पायात लाल दोरा बांधला.

"त्यो नर हाय," तू म्हणालीस. "पन तू शिकलेली. तुला कोन सांगनार."

मी तोच दिला. लगेच त्यांची बदली झाली. चार महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, "आपली तलंग पहाटे आरवते." तू तांदूळ निवडत होतीस. "काय लिव्हलंय?" विचारलंस. मी कार्ड डोळ्यांसमोर धरून वाचल्यासारखं केलं, "अंडी द्यायला लागली म्हणतात."

तुझा हात सुपात थांबला. "नवल हाय," तू म्हणालीस आणि पुढचा खडा वेचलास.

खरी तलंग पाठवायची तर तुझ्यासमोरूनच न्यावी लागली असती. नेली नाही. कार्डाला उत्तरही दिलं नाही. तू गेल्यावर अडचण उरली नव्हती, तरी नेली नाही, हेही लिहायला हवं.

आज ते हसून म्हणाले, "आमची तलंग फार मोठ्यानं आरवायची हो." मग म्हणाले, "त्याच्यानंतर ती जात आमच्याकडे संपली. तुमच्याकडे आहे का अजून?" मी हो म्हटलं. तुझ्या त्या उरलेल्या सात काळ्यांचाच वंश अंगणात आहे, नवी पिल्लं सात आठवड्यांची झाली आहेत.

घरी येऊन त्या दिवसाची डायरी काढली. येवल्याहून एसटी किती वाजता सुटली, अंडी किती, पिशवीत भुसा किती, सगळं आहे. उतरताना पिशवी पायरीवर आपटली, ते नाही. आवाज मी ऐकला होता. म्हणूनच घरी पिशवी न उघडता हातपाय धुवायला गेले. बारा आणली असं मी सांगितलं आणि तू बारा बसवलीस. आपल्या कोंबडीचं एक घेऊन त्यावर फुटलेल्या टरफलावरचा आकडा उतरवायला तुला किती वेळ लागला असेल. कदाचित ते तुझ्याच हातून फुटलं असेल, हा संशय लिहितानाही पुरता जात नाही. पण आवाज मी ऐकला होता.

हे पत्र कुठे पाठवणार नाही. तुला वाचून दाखवणारी मीच, आणि माझ्या वाचण्यावर तुझा विश्वास त्या कार्डापासून नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

उद्या: पिल्लांवर पदर झटकून, दबून बसेल ती त्यांच्याकडे पोचवणे.