सोजरचा प्रकल्प आणि माझा मेंटेनन्स

भोसरी, मंगळवार, १२ तारीख

प्रिय बुद्धरत्न,

दाजीकडून तुला आणि घरातल्या लहानथोरांना सप्रेम जयभीम. कंबर आता कशी आहे? ताईने पाठवलेलं तेल लावतोस ना? आम्ही दोघं बरे आहोत. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं सोजरला ऐकू जातं, आणि मला तिच्याबद्दल (म्हणजे खरं तर माझ्याबद्दल) थोडं सांगायचं आहे.

तुझी ताई मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय, हे तुला ठाऊकच आहे. लग्नापायी नववीत शाळा सुटलेली बाई छप्पन्नाव्या वर्षी शेवटच्या वर्षाला पोचली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगार बायकांवरचा प्रकल्प तिला वीस तारखेच्या आत टाइप करून द्यायचा आहे. नाही दिला तर वर्ष वाया. आणि आमचा कॉम्प्युटर मध्येच थिजतो. बंद पडत नाही, हे लक्षात घे. पडद्यावर सगळं जागच्या जागी असतं, फक्त बाण हलत नाही आणि अक्षर उमटत नाही. एकदा अशी तिची अकरा पानं गेली. ती उठून मेथी निवडायला बसली. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता मी कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. घरात लगेच ब्रेकडाउन रजिस्टर सुरू केलं: तारीख, वेळ, बिघाड, केलेली कारवाई, सही. (कारवाईच्या रकान्यात ‘बंद करून चालू केला’ असं तेवीस वेळा आहे, पण सही प्रत्येक वेळी पूर्ण आहे.) पहिला संशय व्होल्टेजचा. मागच्या वर्कशॉपातली प्रेस सुरू झाली की आमचा पंखासुद्धा मंदावतो. तिथे जाऊन तासभर बसलो, त्यांनी चहा पाजला. प्रेस त्या दिवशी बंदच होती आणि घरी कॉम्प्युटर थिजलेला होता. मग खिडकीतल्या उन्हाचा संशय. टेबल हलवलं; तेव्हापासून कपाट अर्धंच उघडतं. मग तुझ्या ताईचा. ती फार जोरात टाइप करते असं मी तिला सांगितलं, त्यावर दोन दिवस मला फक्त वाढलं गेलं, बोललं गेलं नाही. शिवाय दर रविवारी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स चालूच. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, धूळ काढायची, मेमरीच्या पट्ट्यांचे पिवळे दात शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे आणि परत बसवायच्या. कंपनीत आम्ही कॉन्टॅक्ट असेच साफ करायचो.

मध्यंतरी चुलते वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला गावी गेलो आणि पंधरा दिवस राहिलो. गेल्या शनिवारी परत येऊन रजिस्टर पाहिलं तर सोजरच्या बारीक अक्षरात रोज एकच नोंद: चालू, ठीक. माझ्या मेंटेनन्सला एकदाचा गुण आला, असं मी समजलो. रविवारी नेहमीप्रमाणे डबा उघडला. पट्ट्या इतक्या चमकत होत्या की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. (तरी घासल्या. नियम तो नियम.) सोमवारी अकरा वाजता कॉम्प्युटर थिजला.

सोजर शांतपणे म्हणाली, “अहो, तुमी नव्हता तवा नव्या पट्ट्या आणल्या व्हत्या, पिंपरी कॅम्पातून. दुकानदार म्हणला, काकू, जुन्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा कुणी घासून काढला? म्या तुमचं नाव न्हाई सांगितलं.”

बुद्धरत्न, पितळ समजून मी दर रविवारी सोनं घासत होतो. कंपनीत मशीन थांबलं की अख्खी लाइन माझी वाट बघत उभी राहायची. निवृत्त झाल्यापासून कुणाचं काही माझ्यावाचून अडत नाही. एक अडकलं ते तिचं, आणि तेही मीच अडकवलं. मला खरोखर लाज वाटली. आज सकाळी तिने आणखी नव्या पट्ट्या बसवून घेतल्या आणि आता आत टाइप करते आहे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दाजी (दादासाहेब)

ता.क. पाच दिवसांवर रविवार आहे. मी स्वतःला ओळखतो. डबा समोर असला की माझे हात शिवशिवणार. तेव्हा शनिवारच्या आत फोन करून ‘दाजी, माझी पिठाची गिरणी बंद पडली, तुमच्याशिवाय होणार नाही’ असं जोरात सांग, म्हणजे सोजरला ऐकू जाईल. वीस तारीख उलटेपर्यंत मी तुझ्याकडेच राहीन. हिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता.क. दुसरा. निराळं अक्षर बघून घाबरू नको, मी ताई. पत्र स्पीड पोस्टाला टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. फोन कर, मी काही ओळखलं नाही असं दाखवीन. फक्त हे तुझ्याकडे पोचायच्या आधी गिरणीचा पट्टा खरंच काढून ठेव. चालू गिरणी ह्यांच्या हाती देऊ नकोस.