पाहुण्याला दीड जीबी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसायाने टर्नर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या थोरल्या मुलाचं मत वेगळं पडेल याची मला खात्री आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणायलाही माणसाला घरी यावं लागतं. याआधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती लिहिताना मी भलताच मवाळ होतो.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची गॅलरी, तसंच बँकेत जे असेल ते, सगळं धाकट्या मुलीला. ती दर महिन्याला येते. आल्या आल्या माझे डबे इकडचे तिकडे करते आणि मग आठवडाभर मला चहापूड सापडत नाही. पण येते.

कलम २. माझा मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि लेथची हत्यारं शेजारच्या टेलिफोनवाल्यांना. एक्स्चेंजात तीस वर्षं तारा जोडल्या म्हणून सगळे त्यांना असंच म्हणतात. माझं ड्रिल मशीन अकरा वर्षं मेहुण्याकडे पडून आहे, "उद्या आणून देतो, दाजी" म्हणून. ते त्यालाच ठेवावं. एक उद्या तरी संपेल.

कलम ३. पुढच्या खोलीतला बारा वर्षांचा जुना कॉम्प्युटर थोरल्याला. बाकी काही नाही. हे असं का, ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वकिलापुढे तमाशा नको.

माझी पत्नी घरी विणकामाचं यंत्र चालवायची. स्वेटरचे नमुने ती तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, एका जुन्या प्रोग्रॅममध्ये, चौकोन चौकोन भरून काढायची. मी त्याला चौकोनांचा खेळ म्हणायचो. बावीस वर्षांत एकदाही तिच्या खुर्चीमागे उभा राहून मी ते पाहिलं नाही. हा दोष माझा, तो कोणाला वाटून देता येत नाही.

ती गेली आणि तीन महिन्यांत तिचा कॉम्प्युटरही बसला. टेलिफोनवाल्यांनी त्यातली डिस्क वाचवली, पण तो प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरवर काही चालेना. ते म्हणाले, "अहो टर्नरसाहेब, वहिनींचा अख्खा कॉम्प्युटरच तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात चालवू. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा."

मी थोरल्याला फोन केला. तो कंपनीत हेच काम करतो, असली मशीनं शेकड्यांनी चालवतो. म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. आणि त्या डबड्यावर कसलं व्हीएम? नवीन घ्या ना एक."

नाही घेतलं. अकरा दिवस झटलो. पाहुणा सुरूच होईना. पोटात पाहुणा चालवायची सोय कॉम्प्युटरमध्ये मुळातच बंद करून ठेवलेली असू शकते, हे बाराव्या दिवशी कळलं. मग मी उदार होऊन चार जीबी मेमरीतली तीन पाहुण्याला दिली, तर यजमानच आडवा झाला. शेवटी दीडवर जमलं. पडद्यावर तिने लावलेलं फुलांचं चित्र, कोपऱ्यात तिचं दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ, सगळं जसंच्या तसं उघडलं. मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

प्रत्येक नमुन्याशेजारी तिची टिपणं होती. माझ्या नावापुढे लिहिलेलं: "छाती शंभर. सैल हवा म्हणाले. केला. घातला नाही." असे चार स्वेटर. थोरल्याच्या स्वेटरच्या नमुन्यात पाठ पूर्ण होती, पुढची बाजू पूर्ण होती, बाह्या नव्हत्या. त्या रकान्यात लिहिलं होतं: "बाहीची लांबी फोन लागला की विचारायची." खाली तारखा. नऊ तारखा.

मग मीच त्याचा जुना शर्ट काढला, पोलादी पट्टीने बाही मोजली आणि तिच्या प्रोग्रॅममध्ये चौकोन भरायला बसलो. चार महिने लागले. दोन्ही बाह्या झाल्या.

त्याच आठवड्यात थोरला कामासाठी इकडे आला आणि दोन दिवस राहिला. मी भाजी आणायला गेलो, तेवढ्यात त्याने कॉम्प्युटर साफ केला.

"बाबा, किती स्लो झाला होता! बेचाळीस जीबीची एकच फाइल पडली होती. उडवली."

"अरे, ती कसली होती, कळलं नाही का तुला?"

"कळलं ना. व्हीएमची डिस्क होती, म्हणून तर उडवली. आम्ही रोज उडवतो."

"आत बघितलंस?"

"आत कशाला बघायचं?"

मी त्याला जेवायला वाढलं आणि नंतर त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

कलम ४. टेलिफोनवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्या फाइलची एक प्रत खिशातल्या डिस्कवर ठेवली होती. शहाणा माणूस. तीत माझ्या बाह्या नाहीत, बाकी सगळं आहे. पुन्हा भरायचं म्हटलं तर आता माझ्या डोळ्यांना चौकोन दिसत नाहीत. ही डिस्क धाकटीकडे राहील. थोरला स्वतः येईल तेव्हाच द्यावी. कुरिअरने पाठवू नये. तो कितीही चिडला तरी नाही.

कलम ५. विणकामाचं यंत्र आणि माळ्यावरची राखाडी लोकर धाकटीला. आईच्या हाताखाली ती शिकलेली आहे. थोरल्याने बाह्या भरून दिल्या तर तिने स्वेटर विणावा. वर्षभरात दिल्या नाहीत, तर बिनबाह्यांचा विणून त्याला पाठवावा. तो मात्र कुरिअरने.

कलम ६, फक्त थोरल्यासाठी. तुला शिकवायची गरज नाही, तरी लिहितो. पाहुण्याला दीड जीबीच दे. घाई करू नकोस, उघडायला सात मिनिटं लागतात, तेवढी बस. आईच्या घड्याळाची वेळ सुधारू नकोस. तुझा नमुना शेवटून तिसरा. लांबीचा रकाना रिकामा आहे. खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत, हात किंचित वाकवून, सेंटिमीटरमध्ये. आता विचारायला फोन करणारं कोणी नाही. तुझं तूच मोज आणि लिही.

हे सर्व मी वाचून पाहिलं. दोन ठिकाणी जास्त बोललो आहे. ते तसंच राहू द्यावं.

लिहून देणार: (सही) टर्नर
साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे टेलिफोनवाले
साक्षीदार दुसऱ्या: (सही) डॉक्टरीणबाई
ठिकाण: पुढची खोली, तिची खुर्ची
तारीख: नऊ तारखांखालची दहावी, म्हणजे आजची, १४ नोव्हेंबर. फोन आत्ताही लावून पाहिला.