गल्ली माझी, पाय गावाचे

३ नोव्हेंबर, सकाळी ७
निश्चय. घरापुढची बारा फुटी गल्ली बंद करणार. वडिलांच्या खरेदीखतात ती स्वच्छ आमची आहे, तरी स्टँडवरून बाजाराला निघालेली अर्धी वडवणी माझ्या दारावरून जाते. संस्कृतात वाटेला डझनभर शब्द आहेत. 'फुकटची' त्यांत नाही. दोन्ही तोंडांना गेट, मध्ये माझे वृत्त-कार्यालय. मे महिन्यात उद्घाटन.

५ नोव्हेंबर
घराच्या भिंतीवर बोर्ड लावला. 'खाजगी मार्ग. पादचाऱ्यांस प्रवेश निषिद्ध.' परिणाम तत्काळ. बोर्ड वाचायला रोजच्या दुप्पट लोक आत आले. भाजीवाली भिवराबाई त्याच्याच सावलीत टोपली ठेवून बसली. "लई झाक पाटी हाय भाऊ. काय लिवलंय?"

६ नोव्हेंबर
शिवकन्येचे (सहधर्मचारिणी) मत : "कावून लोकांच्या पायावर उठलाव? पेपरात बातमी येईना तुमची, म्हणून का?" विद्वानाने घरात वाद घालू नये. हरण्याचा संभव असतो.

११ नोव्हेंबर
सिद्धाराम वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, लोक वर्षानुवर्षे हक्काने चालत राहिले तर कोर्टात हक्क सांगू शकतात. परवानगीने चालले तर नाही. "तेव्हा परवानगी मागितली असं त्यांच्याकडून लिहून घ्या."
लिहून घ्या! ज्यांना स्वतःची सही वाचता येत नाही त्यांच्याकडून? मीच लिहून देईन. तीस वर्षे बातमीदारी काय उगाच केली?

१४ नोव्हेंबर
पास तयार. लेटरहेड, गोल शिक्का, सही. मजकूर : 'सदर रस्त्यावरून जनतेने येण्याजाण्यास जागामालक या नात्याने माझी हरकत नाही.' आधी 'तूर्तास' घातले होते. वाक्याची लय बिघडते म्हणून काढले.

२० नोव्हेंबर, बाजारचा दिवस
त्रेचाळीस पास दिले. शिक्का दिसला की आपल्याकडे माणूस रांगेत उभा राहतो. रांग कशाची, ते घरी जाऊन विचारतो. भिवराबाईने तर पास लॅमिनेट करून आणला. नगरसेवक बंकट स्वतः आला, सगळ्या वॉर्डाचे पास घेऊन गेला, वाकून नमस्कारही केला. "तुमच्यावाणी मोठ्या मनाचा माणूस न्हाई, पत्रकारसाहेब." कायद्याचा धाक.

२ जानेवारी
एकूण पास दोनशे अकरा. गावात हक्काने चालणारा एकही पाय उरला नाही. वकिलांना घरी बोलावून नमुना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून विचारले, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?" मी विनयाने मान डोलावली. चहा न घेताच गेले. मत्सर.

१९ मार्च
सकाळी टेप घेऊन माणसे गल्लीत. बंकट म्हणाला, सिमेंट रस्ता मंजूर झाला. "समद्या फायली मालकाच्या ना-हरकतीपाशी अडत्यात. तुमच्या दोनशे अकरा घरोघर गोळा करून लावल्या! साहेब म्हणला, असा मालक उभ्या जिल्ह्यात न्हाई."
तातडीने जळजळीत निषेधाची बातमी पाठवली.

२० मार्च
बातमी आली. पहिल्या पानावर, फोटोसह. डेस्कवरच्या कोण्या महाभागाने मथळा दिला : 'रस्त्यासाठी घरची जागा, पत्रकाराचा आदर्श.' खाली माझे एकही वाक्य नाही.
वकिलांना फोन केला. पुढे काय? म्हणाले, "सत्काराला बोलावतील. टोपी घालून जा."

२१ मार्च
टोपी सापडत नाही.

११ मे
काल काँक्रीट पडले. चार दिवस कोणी पाऊल टाकायचे नाही. दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या. गल्लीत चिटपाखरू नाही. काही गोष्टी मी ठरवतो तशाच होतात.
ठेकेदाराकडे काँक्रीटवर पसरलेली पोती भिजवायला माणूस नाही. बंकटने त्याला सांगितले, पत्रकारसाहेब घरीच असतेत. आता मीच दिवसातून तीनदा पाइपने पाणी मारतो. भिवराबाई फांद्यांपलीकडून लक्ष ठेवते. दुपारी ओरडली, "भाऊ, त्या कोपऱ्यात कोरडं ऱ्हायलंय."
मारले.