ह्यांचा कीबोर्ड आणि फ्रीजची घरघर

पडेगाव, मंगळवार

राजकुमार भाऊजींना रत्नमाला वहिनीचा मनापासून जयभीम. तुमच्या घरी मुक्ताबाईंच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल. इथं मी आणि मोनाली बऱ्या आहोत. (तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पत्र पुरतं वाचा, मग माझं कळेल.)

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर हे बोलायला तोंड राहिलं नाही. भाऊजी, ज्या कीबोर्डावर ह्यांनी तीस वर्षं आपल्या गायन पार्टीला साथ दिली, तो घरात नाही. मागच्या पावसाळ्यात मीच तो भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवला. रागानं. हे गेल्यापासून जो येई तो कीबोर्डापुढं बसून रडे, आणि मला उठून चहा करावा लागे. वर्षभर मी लोकांच्या रडण्याला साखर पुरवली. एक दिवस गाडा दारात आला आणि माझी बुद्धी फिरली. दुसऱ्या दिवशी शोधत गेले तर त्याच्या पट्ट्या निघून पोत्यात भरलेल्या.

मग तुमचा फोन आला, की जयंतीच्या कार्यक्रमाला दादाचाच कीबोर्ड पाहिजे, चालू आहे का. तिथंच खरं सांगायचं, तर मी म्हणाले, "आहे की. झाकून ठेवलाय." तुम्ही म्हणालात, रविवारी वाजवून ऐकवा.

मोनालीच्या लॅपटॉपात एक सॉफ्टवेअर आहे. त्यात जुन्या वाद्यांचे आवाज नव्यानं घडवता येतात. त्याची इंग्रजी माहिती मी डिक्शनरी घेऊन चार दिवस वाचली (शाळा सातवीत सुटली, वाचायची खोड नाही सुटली). आवाज किती झटक्यानं उठावा, किती टिकावा, कसा विरावा, सगळ्याला पडद्यावर गोल खुंट्या. पहिला आवाज ऐकून मोनाली म्हणाली, "आई, कुणी गाडी रिव्हर्स घेतंय का?" दुसऱ्याला म्हणाली, "हा बँकेत नंबर आल्याचा." शनिवारी जमला, पण फार स्वच्छ. ह्यांच्या कीबोर्डाला मागून घरघर असायची. करंटही यायचा, म्हणून हे चप्पल घालून वाजवायचे. मग मी मोबाइलवर आमच्या फ्रीजची घरघर भरून घेतली आणि त्या आवाजाखाली घातली.

रविवारी फोनवर तुम्ही ऐकलंत ते हे. माझं एक बोट आणि फ्रीज. तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादाचाच हात वाटतो बघा." मुक्ताबाईंनाही बोलावून ऐकवलंत. तेव्हापासून मला फ्रीज उघडायचीसुद्धा लाज वाटते.

तेव्हा कीबोर्ड न्यायला टेम्पो घेऊन येऊ नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा, मोनालीचा यात दोष नाही.

तुमची वहिनी,
रत्नमाला

ता. क. लॅपटॉप पिशवीत मावतो. पण त्यातल्या खुंट्या मोनालीला कळत नाहीत, मला कळतात. चार चालीही येतात, एका बोटानं. जयंतीला ह्यांच्या जागी अजून कुणी ठरलं नसेल तर मी तुमच्याकडे सोयगावला येऊ का? लॅपटॉपाला करंट येत नाही, तरी ह्यांची चप्पल घालीन.

आणखी एक. शनिवारी ती घरघर जुळली तेव्हा घरात मी एकटीच होते. हे गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मग सवयीनं उठून चहा ठेवला.