चहाला गेलेल्या बाई

बाई,

मागच्या शनिवारी आमच्या वाद्यवृंदाचं मूल्यमापन झालं. तुमच्या वेळी याला स्पर्धा म्हणायचे. आता नंबर नसतात, ढाल नसते. परीक्षक ऐकतात, स्वर, लय, मेळ, तोल आणि सादरीकरण या प्रत्येकाला वेगळी श्रेणी देतात आणि शेजारी दोन ओळींत काय बरं होतं, काय नव्हतं ते लिहितात. तुम्हाला ही पद्धत आवडली असती असं मला वाटतं. ज्या वर्षी आपला दुसरा नंबर आला, त्या वर्षी परीक्षक एवढंच म्हणाले होते की पहिल्या आलेल्या शाळेचा गणवेश फार नीटनेटका होता. आमचं काय चुकलं ते कोणीच सांगितलं नाही. परत येताना तुम्ही आम्हाला बुधवार पेठेतल्या गर्दीतून रांगेने चालवत होतात आणि मध्येच म्हणालात, "पुढच्या वर्षी पेटी राहू दे घरी. शिंप्याला घेऊन येऊ." आम्ही खूप हसलो. तुम्ही हसला नाहीत.

मी आता वारज्याच्या एका शाळेत संगीत शिकवते. तुम्ही होतात तोवर मी नोकरीत नवी होते, आता माझ्याच निवृत्तीबद्दल लोक विचारायला लागलेत. मुलं मला बाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. वाद्यवृंद लहानच आहे. एक पेटी, एक तबला, तीन बासऱ्या, एक झायलोफोन, खंजिरी आणि टाळ. दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "मॅडम, संगीताचे आठवड्याला दोन तास आहेत आणि पालक रोबोटिक्स मागतायत. माझं वैयक्तिक काही नाही. पण समितीपुढे दाखवायला काहीतरी हवं ना. या मूल्यमापनात निदान ब श्रेणी आणा, मी तुमच्या बाजूने बोलतो."

"आणि नाही आली तर?"

"तर मुलं रोबोट वाजवतील," असं म्हणून ते स्वतःच हसले. मीही हसले, बाई. बिबवेवाडीला घरी पोचेपर्यंत मला त्या हसण्याचा राग येत होता. त्यांच्या नाही, माझ्या.

आमची बसवलेली धून तशी बरी होती. भीती होती ती दुसऱ्या भागाची. या नव्या पद्धतीत परीक्षक मुलांना एक कधी न ऐकलेली छोटी धून देतात, सरगममध्ये लिहिलेली. ती मुलांनी आपली आपण बसवायची आणि लगेच वाजवायची. त्या वेळी शिक्षकांनी खोलीबाहेर थांबायचं, दार बंद. हा नियम मी वाचला आणि परत वाचला. कारण माझी मुलं माझ्या हातावर वाजवतात. मी समोर बसून मांडीवर ताल देते, बासरीला मानेने खूण करते, खंजिरीला डोळ्यांनी थांबवते. इतकी वर्षं मला हे चांगलं शिकवणं वाटत होतं. त्या दिवशी वर्गात मी नुसता हात खाली ठेवून बघितला. चार-पाच आवर्तनांत तबला रेंगाळला, मग पेटीवरची मुलगी थांबली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "मॅडम, चालू ठेवा ना."

म्हणजे त्यांच्या लेखी वाजवत मी होते.

तेव्हा मला तुमचा चहा आठवला. तुमच्या तासाला आम्ही वाजवत असायचो आणि धून रंगात आली की तुम्ही उठायचात. खुंटीवरची पिशवी घ्यायचात, "चहा घेऊन येते" म्हणायचात आणि सरळ निघून जायचात. दार ओढून घ्यायचात. पहिल्यांदा तुम्ही असं केलंत तेव्हा आम्ही दारापर्यंत तुमच्याकडे बघत राहिलो आणि धून कुठेतरी मध्येच विरली. मग बाकांवर उड्या, खडूची फेकाफेक. तुम्ही परत आलात, आमच्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "काय झालं? कोणी गेलं का?" आम्ही खडू लपवले. "मग थांबलात कशाला? एक कप चहा सुखाने घेऊ देणार नाही तुम्ही मला." पुढच्या तासाला परत तेच. आम्हाला वाटायचं बाई कंटाळतात. घरी मी बाबांना सांगितलंसुद्धा की आमच्या संगीताच्या बाई तासाला चहा पितात. बाबा पाटबंधारे खात्यात होते, तिथे सगळेच तासाला चहा प्यायचे, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

एकदा मुख्याध्यापक आले. आम्ही वाजवत होतो, तुम्ही नव्हतात. "बाई कुठायत?" "चहाला गेल्यात, सर." ते शिक्षकांच्या खोलीत बघून तणतणत परत आले, तुम्ही तिथे नव्हतात. आणि ते वर्गात पाऊल टाकतायत तोच तुम्ही त्यांच्या मागे उभ्या. सर म्हणाले, "बाई, तास चालू असताना आपण असता कुठे?" तुम्ही म्हणालात, "तासालाच." मग आमच्याकडे वळून, "तुम्ही का थांबलात? सरांना ऐकायचंय." हे उत्तर आम्ही पुढे कित्येक दिवस एकमेकांना देत होतो. उशीर झाला की, डबा विसरला की, कशालाही. "होतीस कुठे?" "तासालाच."

मला टाळ दिले होते तुम्ही. टाळ म्हणजे ज्याला दुसरं काही येत नाही त्याचं वाद्य, असं मला वाटायचं. मी घाबरट होते. एकही ठोका तुमच्या हाताकडे बघितल्याशिवाय देत नसे. एक दिवस तुम्ही सगळ्यांना थांबवलंत आणि मला म्हणालात, "माझ्या हाताकडे काय बघतेस? माझा हात वाजतो का? तबला कुठे आहे? मग कान तिकडे दे. पुन्हा इकडे बघितलंस तर तोंड भिंतीकडे करून बसवीन." मी पुन्हा बघितलं आणि तुम्ही बसवलंत. संपूर्ण तास मी भिंतीकडे तोंड करून वाजवलं. घरी येऊन रडले. मात्र त्या तासाला माझा ठोका चुकला नव्हता, ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

मग ती तुमच्या स्वयंपाकघरातली सकाळ. मला नोकरी लागली होती, वाद्यवृंद हाती दिला होता आणि मुलं अजिबात ऐकत नव्हती. काहीतरी गुरुमंत्र मिळेल म्हणून मी तुमच्याकडे आले. तुमचे गुडघे तेव्हा फार दुखायचे, तुम्ही पाटावर न बसता स्टुलावर बसून गवार निवडत होतात. माझ्यासाठी चहा टाकलात, एकच कप. मी म्हटलं, "तुम्ही नाही घेत?" तुम्ही म्हणालात, "छे. मला पित्त होतं. जन्मात कधी घेतला नाही." मी चहा प्यायले. मग तुम्ही गवार माझ्यापुढे सरकवलीत, गॅसवर दूध ठेवलंत, "लक्ष ठेव" म्हणालात आणि शेजारणीशी बोलायला बाहेर गेलात. मी पातेल्याकडे टक लावून उभी राहिले. तुम्ही परत आलात, एकही शेंग निवडलेली नाही. "अगं, दुधाला दृष्ट लावतेस का? वर येताना त्याचा आवाज बदलतो. कानाने लक्ष ठेव, हात रिकामे राहतात." निघताना मला ते शाळेतले टाळ दिलेत, तुमचे स्वतःचे होते ते, दोरी नवीन घातलेली. गुरुमंत्र काही दिला नाहीत म्हणून मी थोडी नाराजच होऊन जिना उतरले.

तर हे सगळं आठवून मी मुलांना सोडून बाहेर जायला लागले. लागले म्हणजे प्रयत्न केला. पहिल्या दिवशी दारापर्यंत गेले आणि बासरी चढी लागली म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी बाहेर पडले, पण खिडकीतून हात दिसेल अशी उभी राहिले. मुलं हुशार, ती खिडकीकडे बघून वाजवायला लागली. बासरीवाला मुलगा तर म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, तुम्ही दिसताय आम्हाला." मूल्यमापन जवळ आलं तशी मला झोप लागेना. सकाळी बसमध्ये बसले की समोरच्या सीटच्या दांड्यावर माझी बोटं ताल धरायची आणि शेजारच्या बायका माझ्याकडे बघायच्या.

शनिवारी पेठेतल्या एका शाळेत होतं सगळं. पेटीचे सूर आदल्या आठवड्यात दुरुस्त करून आणले होते, तरी मी तीनदा भाता ओढून बघितला. बसवलेली धून झाली, बरी झाली. मग बाजूच्या खोलीत मुलं गेली, परीक्षक गेले, एका परीक्षकबाईंनी माझ्याकडे बघून हसून दार लावलं. मी बाहेर जिन्याजवळ उभी. पर्समध्ये तुमचे टाळ होते. ते वाजू नयेत म्हणून मी रुमालात गुंडाळले होते आणि तरी पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

आधी बराच वेळ कुजबुज. मग पेटी सुरू झाली आणि माझा जीव उडाला. आमच्या बासऱ्या पांढरी तीनच्या, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी हा त्यांचा सा. बासरीची पट्टी बदलता येत नाही, म्हणून पेटीने तिथूनच सा धरायचा, हे मुलीला पाठ आहे. पण घाबरून तिचं बोट शेजारच्या पट्टीवर पडलं होतं, पांढरी चारवर. मला दाराबाहेर कळलं, तिला आत कळत नव्हतं. वर्गात मी मान हलवली असती की झालं असतं. बासऱ्या आल्या आणि दोन सूर एकमेकांवर असे घासले की आतल्या परीक्षकांचे चेहरे मला बंद दाराबाहेरही दिसल्यासारखे झाले. माझा हात कडीवर गेला. खरंच गेला होता, बाई. कडी थंड होती एवढं आठवतंय. आठवड्याचे दोन तास गेले, समिती गेली, मुलं रोबोट वाजवतायत, हे सगळं त्या एवढ्याशा वेळात मी बघून घेतलं.

आत सगळं थांबलं. मग बासरीवाल्याचा आवाज, "ए, तुझा सा बघ. एक घर पुढे गेलीयेस." "अय्या, हो की." कोणीतरी खुदकन हसलं. "चल, परत. टाळ, तू दे." टाळाचे चार ठोके पडले, पेटीने सा धरला, योग्य घरात, आणि सगळे एकदम निघाले. धून अगदी साधी होती. तबला मध्ये थोडा धावला, खंजिरीने त्याला आवरलं. कोणाचाही हात समोर नव्हता. मी कडीवरचा हात काढला.

तेव्हा मला ते कळलं. जन्मात चहा न घेतलेल्या बाई दर तासाला कुठे जायच्या, ते. तो एक कप, शिक्षकांच्या खोलीत तुम्ही नसणं, सरांच्या मागून तुमचं येणं, आणि "तासालाच". इतकी वर्षं हे सगळं माझ्याकडे सुटंसुटं पडून होतं. तुम्ही दाराबाहेर उभ्या असायचात. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर. आम्ही धून मोडली की ती कशी मोडते ते ऐकत, आणि आत न येता.

मुलं बाहेर आली ती उड्या मारतच. "मस्त झालं मॅडम, काहीच चुकलं नाही." पेटीवरची मुलगी मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "तुम्ही इथेच होतात?"

मी म्हटलं, "नाही गं. चहाला गेले होते."

तिचा चेहरा एकदम सैल झाला.

काल कागद आला. न ऐकलेल्या धुनेत स्वराला क, लयीला ब, मेळाला अ. शेजारी लिहिलंय, "सुरुवात चुकली. चूक मुलांनी स्वतः ओळखून सुधारली. मुलं एकमेकांना ऐकतात." एकूण श्रेणी ब. मुख्याध्यापक म्हणाले, "चला, या वर्षापुरतं निभावलं," आणि कागद फाइलला लावायला ठेवून घेतला. पुढच्या वर्षाचं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रोबोटिक्सवाल्यांचं पत्रक त्यांच्या टेबलावर अजून आहे.

हे मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. घरातले कामाला गेलेत, गॅसवर दूध आहे आणि माझी पाठ त्याच्याकडे आहे. हे पत्र टाळांच्या पिशवीत ठेवून देईन, तेवढंच. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही. त्या दाराबाहेर, मुलं नीट वाजवायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी मला आनंद झाला नाही. सगळ्यात आधी वाईट वाटलं. माझ्याशिवाय चाललंय, याचं. आनंद नंतर आला, थोडा उशिराच. तुम्ही वर्गात परत यायचात तेव्हा पदराने तोंड पुसत यायचात आणि आम्ही समजायचो, चहा झाला बाईंचा.

दुधाचा आवाज बदललाय. उठते.